गाळलेलं दीड पान

"आठ वर्षं," जज हॉलोवे म्हणाले, आणि मी तो आकडा यंत्रावर उमटवला.

डार्लीन प्रूट हसली. आपण काहीतरी भलतंच ऐकलं असं वाटलं की माणूस हसतं ना, तसं. मग तिनं आपल्या वकिलाकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

वकील पीटर नोवाक ताडकन उठला. "यूअर ऑनर, फेब्रुवारीत ही गुन्हा कबूल करायला इथं उभी होती, तेव्हा आपण हिला शब्द दिला होता. तुरुंगात पाठवणार नाही, घरी जाशील, असा. त्या शब्दावर हिनं कबुली दिली."

"मी शब्द दिला?" जजनी चष्मा काढला. "मिस्टर नोवाक, बावीस वर्षं मी या राज्याच्या सेनेटमध्ये होतो, आणि अकरा वर्षं या खुर्चीवर बसतोय. कबुलीच्या आधी शिक्षेचा शब्द मी आजवर कुणालाही दिलेला नाही."

"मी इथंच उभा होतो, यूअर ऑनर."

"मग नोंदीत असेल. नोंद मागवा, वाचा, अर्ज करा." आणि ते माझ्याकडं वळून किंचित हसले. "माझ्या कोर्टाच्या नोंदी चोख असतात. मिसेस उपळेकरांचं काम आहे ते."

नोंदीत ते नव्हतं. त्या खोलीत हे एकट्या मला माहीत होतं, कारण ते गाळलं होतं मीच.

ही गोष्ट ओहायोतल्या एका छोट्या काउंटीतली, अठ्ठ्याऐंशी सालची. मी तिथं कोर्ट रिपोर्टर होते. कोर्टात जो कुणी जे काही बोलेल ते शब्दन् शब्द एका छोट्या यंत्रावर टिपायचं. कागदाच्या अरुंद पट्टीवर आपल्याला कळतील अशी लघुरूपं उमटत जातात, आणि मग त्यावरून स्वच्छ नोंद टाइप करून खाली सही करायची की हे सगळं जसंच्या तसं आहे. हे काम मी इचलकरंजीत शिकले असं म्हटलं तर माझे अमेरिकन सहकारी हसायचे. पण खरंच मूळ तिथलंच. पाटणकर मास्तरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शॉर्टहँड शिकले, मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा दिली, आणि लग्न होऊन इकडं येईपर्यंत गिरणीच्या ऑफिसात तीन साहेबांची पत्रं लिहिली. मास्तर सांगायचे, "साहेब जे बोलतो ते लिहायचं नाही पोरींनो, साहेबाला जे म्हणायचंय ते लिहायचं. साहेब अडखळला हे पत्रात दिसलं, तर दोष स्टेनोचा." ते माझ्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

जज हॉलोवेंनी मला नोकरी दिली तेव्हा माझ्या उच्चारांवरून कुरकुर झाली होती. ते म्हणाले होते, "मी यांना लिहायला ठेवतोय, भाषणं करायला नाही. भाषणं करणारा मी आहेच." एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद. परक्या मुलखात आपल्या पाठीशी कुणी असं उभं राहिलं की माणूस जन्मभर त्याचं होऊन जातं. मी झाले.

त्यांच्याबद्दल अख्ख्या काउंटीत एकच गोष्ट सांगितली जायची. सेनेटर असताना त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध फार कडक कायदा आणला होता. शिक्षा ठरलेली, कुणाला सूट नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी त्या कायद्याखाली सापडली. एक फोन केला असता तर प्रकरण मिटलं असतं. त्यांनी केला नाही. मुलगी तुरुंगात गेली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन तिथंच वारली. तिकडं जजसुद्धा मतं मागून निवडून येतात. लोकांनी त्यांना निवडलं ते याच गोष्टीवर: पोटच्या पोरीलाही न सोडणारा माणूस. त्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक होती. मुलीचं नाव मात्र ते कधी घेत नसत.

या खटल्याच्या दोन वर्षं आधी एकदा त्यांनी साक्षीदाराला एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला. मी टाइप करताना एकदाच ठेवला. नंतर एकदा वकिलाचं नाव चुकलं, ते मी दुरुस्त केलं. मग तोच तो किस्सा सकाळीही आणि दुपारीही. दुपारचा मी गाळला. गाळताना आपण काही वाईट करतोय असं मला वाटलंच नाही. म्हातारं माणूस थकलंय, त्याची लाज झाकायची, एवढंच. आमच्याकडं घराघरात हेच करतात.

फेब्रुवारीत मी दीड पान गाळलं.

डार्लीन सव्वीस वर्षांची होती. दोन मुलं, थोरला पाचाचा, धाकटी दोनाची. तिचा मित्र औषधाच्या दुकानात पिस्तूल घेऊन शिरला तेव्हा ही बाहेर गाडी चालू ठेवून बसली होती. आत काय चाललंय ते माहीत नव्हतं म्हणे. खरं असेल, खोटं असेल. त्या दिवशी कोर्टात जेमतेम सहा माणसं. त्यातले सरकारी वकील नंतर नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेले. बंदोबस्ताला असणारा बेलिफ लेरॉय हा जजचा जुना माणूस, तो मूग गिळून बसला. उरला नोवाक, आणि त्याच्याकडं जी नोंद होती तिच्यावर माझी सही होती.

शिक्षा झाली त्याच शुक्रवारी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात नोंदीची प्रत, कोपरे चुरगाळलेले.

"मिसेस उपळेकर, मी तीनदा वाचलं. नाहीये ते यात." त्यानं आवाज खाली आणला. "मला वेड लागलंय का?"

मी टाइपरायटरवरचं झाकण उगीचच सरळ केलं.

"सोमवारी नऊ वाजता माझा अर्ज सुनावणीला आहे," तो म्हणाला. "तो फेटाळला की दुपारच्या गाडीनं तिला बायकांच्या तुरुंगात नेतील. इथून तीन तास. मुलांना सरकार ताब्यात घेणार. दोघांना एका घरी ठेवायला जागा नाही म्हणतात, वेगवेगळ्या घरी देतील. धाकटीला दहा वर्षांची होईपर्यंत आईचं तोंड दिसणार नाही, आणि तेव्हा ती ओळखणार तरी आहे का?" त्याचे डोळे भरून आले. "कबूल कर, असं तिला मीच सांगितलं होतं. जजचा शब्द आहे, विश्वास ठेव म्हणून. तुम्हाला काही आठवत असेल तर..."

"नोंद प्रमाणित आहे, मिस्टर नोवाक," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

तो गेला आणि मी सरळ जजच्या खोलीकडं निघाले. सगळं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. ते खिडकीपाशी उभे होते, ओव्हरकोट घालून, एकच बटण लावलेलं.

"सर, फेब्रुवारीतल्या त्या नोंदीबद्दल..."

"बसा." ते स्वतःही बसले, कोटासकट. "बरं झालं आलात. एक सांगायचं होतं, कुणाला सांगता येत नाही. हल्ली कधीकधी मी गॅरेजमध्ये गाडीत बसून राहतो. हात स्टिअरिंगवर. आणि कळत नाही, मी आत्ता आलोय की निघालोय."

मी समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

"घाबरतो मी तेव्हा. फार घाबरतो. मग घरात जातो आणि तुमची कुठलीतरी नोंद काढून वाचत बसतो. त्यात मी अगदी ठीक असतो, मिसेस उपळेकर. प्रश्न नेमके, नावं बरोबर. ते वाचलं की वाटतं, आहोत आपण अजून." ते हसले. "तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही, सर. बटण लावा. बाहेर गार आहे."

म्हणजे मी जगापासून त्यांची लाज झाकली असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात त्यांना त्यांच्यापासूनच लपवून ठेवलं होतं. ते एखाद्या डॉक्टरकडं गेले असते, खुर्ची सोडली असती. माझ्या नीटनेटक्या पानांनी त्यांना जाऊ दिलं नाही.

शनिवार कसा गेला ते सांगत नाही. रविवारी सकाळी चहा घेता घेता मी यजमानांना सगळं सांगितलं. शशिकांत टायरच्या कारखान्यात केमिस्ट, बोलणं मोजकंच. ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, तुझा परवाना जाईल."

"जाईल."

"खोटी सही केलीस म्हणून खटलाही भरतील कदाचित."

"भरतील."

"आणि ज्यांनी तुला नोकरीला लावलं, त्यांचीच अब्रू तू भर कोर्टात काढणार."

"अहो, तेच तर. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं?"

शशिकांतनी कप खाली ठेवला. "आणि नाही सांगितलंस तर?"

"तर तिची आठ वर्षं."

"मग मला कशाला विचारतेस?" ते म्हणाले आणि उठून अंगणातलं बर्फ ओढायला गेले. एप्रिलात कसलं बर्फ, चार मुठी असेल नसेल. पण ते तासभर बाहेरच होते, आणि मी आत हमसून हमसून रडले.

सोमवारी नऊ वाजता डार्लीनला आणलं. कैद्याचा नारिंगी पोशाख तिला दोन मापं मोठा होता. मागच्या बाकावर तिची आई, मांडीवर धाकटी, शेजारी थोरला. मुलांना शेवटचं भेटवायला आणलं होतं, हे कुणी न सांगताही कळत होतं. मी माझ्या जागी बसले, जजच्या बरोबर खाली. पायाशी पिशवी, पिशवीत फेब्रुवारीतली कागदी पट्टी.

नोवाक बोलला. चांगलं बोलला, पण हातात काहीच नसलेल्या माणसासारखं. नवे सरकारी वकील उठले आणि त्यांनी माझी नोंद वर धरली. "यूअर ऑनर, प्रमाणित नोंद समोर आहे. चौदा पानं. शब्दाचा उल्लेख एकाही पानावर नाही."

जजनी पानं चाळली. "मीही काल वाचली," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कीव होती. "मिस प्रूट, तुम्हाला असं काही ऐकल्यासारखं वाटलं असेल. भीतीनं माणूस हवं ते ऐकतं. पण कोर्टाला कागदावर चालावं लागतं. सबब हा अर्ज..."

मी यंत्रावरून हात उचलले.

रिपोर्टरचे हात थांबले की कोर्ट थांबतं. जज खाली वाकून बघू लागले. रिपोर्टरनं कोर्टात स्वतःहून बोलायचं नसतं. नऊ वर्षांत मी एक अक्षर बोलले नव्हते. उठताना खुर्चीचा केवढा मोठा आवाज झाला.

"यूअर ऑनर, ती नोंद अपुरी आहे. माझी सही खोटी आहे. मूळ पट्टी माझ्याजवळ आहे."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. नोवाक तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिला. जजचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मला वाटतं, त्यांना त्याच क्षणी कळलं. नेमकं काय झालं ते नाही, पण गॅरेजमधल्या त्या भीतीला उत्तर आलं, एवढं कळलं असावं.

"वाचा," ते म्हणाले.

"सर, हे आपण बंद खोलीत..."

"हे उघडं कोर्ट आहे, मिसेस उपळेकर. वाचा. सगळं वाचा."

मी वाचायला लागले. मी वाचत होते तेव्हा लिहून घ्यायला कुणी नव्हतं, त्यामुळं ती दहा मिनिटं कुठल्याच कागदावर नाहीत. नोंदीत जजना 'कोर्ट' म्हणतात.

"कोर्ट: तुझं वय काय? आरोपी: सव्वीस, सर. कोर्ट: तुला आपले हक्क समजले का? आरोपी: हो सर. कोर्ट: तुझं वय काय? आरोपी: सव्वीस. कोर्ट: मुलं आहेत? आरोपी: दोन. कोर्ट: तुझं वय काय म्हणालीस?"

बाकावर कुणीतरी खोकलं. मला पुढची ओळ दिसली आणि मी थांबले.

"पुढं," जज म्हणाले.

"कोर्ट: रूथ, उभी का तू? बस ना. किती वाळलीस गं. तिथं थंडी फार असते, मला लिहिलं होतंस तू. ते पत्र मी वाचलं होतं, रूथ. उत्तर लिहायला बसलो होतो, पण सेनेटर म्हणून काय लिहायचं ते कळेना."

लेरॉयनं दाराकडं तोंड फिरवलं. काउंटीतल्या सगळ्यांना ते नाव माहीत होतं. फक्त हॉलोवेंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"कोर्ट: या वेळी मी फोन करणार आहे. मी तुला तुरुंगात पाठवणार नाही. तू घरी जाशील. तुला घरी नेणार मी. मिस्टर नोवाक: यूअर ऑनर, हा कोर्टाचा शब्द समजायचा का? कोर्ट: माझा शब्द आहे. आरोपी: थँक यू, जज. देव तुमचं भलं करो. कोर्ट: मग आता सांग, गुन्हा कबूल आहे? आरोपी: कबूल."

मी पट्टी खाली ठेवली. धाकटीनं मांडीवरून "मम्मा" अशी हाक मारली आणि आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

सरकारी वकील चाचरत उठले. "यूअर ऑनर, आदर राखून म्हणतो... हा शब्द आरोपीला दिलेला दिसत नाही. तो दुसऱ्याच कुणाला..."

"खाली बसा." जजनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "मला यातलं काही आठवत नाही. पण मिसेस उपळेकर खोटं वाचणार नाहीत. आता नाही वाचणार." मग ते डार्लीनकडं वळले. "मी बोललो. कुणाशी का बोललो असेना, ऐकलं हिनं. आणि त्यावर विसंबून ही स्वतःच्या तोंडानं कबूल झाली. शिक्षा रद्द. तुरुंगाऐवजी पाच वर्षं सरकारी देखरेख. हिला आत्ता, इथूनच घरी जाऊ द्या."

डार्लीन या खेपेला हसली नाही. तिनं आधी नोवाककडं पाहिलं. त्यानं मान हलवली तेव्हा कुठं तिचा बांध फुटला.

खोली रिकामी झाल्यावर जज पायऱ्या उतरून माझ्या टेबलाशी आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "निर्मला, अशी आणखी किती?"

"मला माहीत नाही, सर."

हे मात्र अगदी खरं होतं. दोन वर्षांत मी काय काय गाळलं, ते मी आठवणीतूनही गाळून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. माझा परवाना काढून घ्यायचं ठरलं. पण माझी लघुरूपं माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून आधी मलाच दोन वर्षांच्या पट्ट्या वाचायला बसवलं. मी वाचायचं, दुसऱ्या रिपोर्टरनं लिहून घ्यायचं. हॉलोवेंनी वरच्या कोर्टाला अर्ज केला की मलाही तिथं बसू द्या. परवानगी मिळाली. बारा दिवस आम्ही वाचत होतो.

तसले बारा दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. कारण रोज सकाळी ते टापटीप कपडे करून येत, समोर बसत आणि विचारत, "आज आपण काय वाचतोय, मिसेस उपळेकर?" आदल्या दिवशीचं सगळं पुसलं गेलेलं असायचं. मग मी पहिल्यापासून सांगायची. त्यांना विसर पडतो. मी तो झाकला. एक मुलगी आठ वर्षं तुरुंगात जाणार होती. रोज त्यांचा चेहरा तसाच पडायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आणि त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच असायचं. शेवटी ते विचारायचे, "मग ती मुलगी घरी गेली?" मी "गेली" म्हटलं की एक मोठा श्वास सोडून म्हणायचे, "वाचा मग."

ज्यांच्यामुळं शिक्षा चुकली होती अशा आणखी तीन नोंदी सापडल्या. दोन माणसं सुटली. तिसऱ्याला सोडायचा हुकूम तुरुंगात पोचला तेव्हा तो वारून सहा आठवडे झाले होते. हे मी हॉलोवेंना सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुसरी रिपोर्टर मला म्हणाली, कशाला सांगतेस रोज, त्यांना कुठं आठवतंय. पण सोयीचं तेवढंच सांगायची माझी खोड मोडायलाच हवी होती.

बाराव्या दिवशी शेवटची पट्टी उरली होती. ते आले, बसले, विचारलं. मी सांगितलं.

"मग ती मुलगी घरी गेली?"

"गेली, सर. मुलांजवळ आहे."

त्यांनी श्वास सोडला. पण त्या दिवशी "वाचा" म्हणाले नाहीत. टेबलावर पुढं झुकले, आणि एखादं मूल आईला विचारतं तसं, अगदी हळू, माझ्याकडं आशेनं बघत विचारलं, "आणि रूथ? तीपण गेली ना?"

दुसऱ्या रिपोर्टरनं मान खाली घातली. एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दावर त्यांचा तो दिवस गेला असता, कदाचित उरलेलं आयुष्यही.

"नाही, सर," मी म्हटलं. "रूथ घरी आली नाही."